काळ्यांचा झाला कारे

जपानमधल्या सरकारी अर्जावर आपलं नाव दोनदा लिहावं लागतं. एकदा पासपोर्टावर आहे तसं रोमन लिपीत आणि त्याच्यावरच्या अरुंद ओळीत काताकाना लिपीत. या वरच्या ओळीला फुरिगाना म्हणतात. समोरच्यानं तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, हे तिच्यावरून ठरतं, आणि ती तुम्हीच लिहायची असते. मी पस्तीस वर्षं काळे आहे. मिरजेत हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी आधी स्वतःच वाचून बघितलं. म्हणाल्या, ‘केएरु-सामा?’ केल नावाची इंग्रजी पालेभाजी असते, तिचं स्पेलिंग आणि माझं स्पेलिंग एकच. तिचा कडू हिरवा रस इथले लोक तब्येतीसाठी पितात. मी मान हलवली. मग ‘करे’ लिहावं म्हटलं, तर ‘करे’ म्हणजे जपानीत ‘तो’. बायकोला विचारलं हे कोण, तर ती म्हणणार, तो. त्यातला ‘रे’ जरा लांबला की झाली करी, आणि भारतीय माणसानं स्वतःचं नाव करी सांगणं म्हणजे फारच झालं. ल, ळ आणि र या तिघांत मिळून या भाषेत एकच अक्षर, त्यामुळे ळ तर आधीच गेला होता. शेवटी ‘का’पुढे लांबीची रेघ ओढून ‘कारे’ लिहिलं. बायको शेजारून म्हणाली, ‘झालं. आता अख्खं तोक्यो तुला का रे, का रे करणार.’

बायको मार्चमध्येच आली होती, कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहत होती. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन मृग लागला त्या आठवड्यात पोहोचलो. नारिता विमानतळावरच रहिवासाचं कार्ड हातात मिळतं आणि घर मिळाल्यावर चौदा दिवसांत वॉर्डाच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो, तेव्हा तो कार्डाच्या मागे छापून देतात. माझ्या कार्डावर ‘काझोकु ताइझाइ’ लिहिलंय, म्हणजे कुटुंबाबरोबर राहणारा. त्याच्याखाली, काम करण्यास मनाई. परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, ती अजून काढायचीय. बारा वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, तो माणूस आता सरकारदरबारी बायकोसोबत राहणारा. गंमत म्हणजे तिच्या पासपोर्टात मधलं नाव माझं, त्यामुळे तिच्या कार्डावरही मीच मधोमध. कुठलाही अर्ज भरताना तिचे चौकोन माझ्यामुळे संपतात.

चावी मिळाली शनिवारी संध्याकाळी. इथलं भाड्याचं घर रिकामं म्हणजे खरोखर रिकामं असतं. पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही, खोल्यांतून दिवेसुद्धा नाहीत. छताला नुसती दिवा अडकवायची खाच. हे बायकोला माहीत होतं, मला सांगायचं राहिलं होतं. न्हाणीघरात तेवढा दिवा होता. त्याचं दार उघडं टाकून त्या उजेडात आम्ही आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पहाटे साडेचारच्या आतच सूर्य तोंडावर! जूनमध्ये इथे इतक्या लवकर उजाडतं हे भूगोलात शिकलो असणार, पण पडदा नसलेल्या खोलीत ते पाठ झालं. गॅस चालू करायला त्यांचा माणूस येतो आणि त्या वेळी घरात कुणीतरी लागतं. तो सोमवारी आला, तोवर गार पाण्यानं अंघोळ. त्यानं बराच वेळ समजावून सांगितलं, मी दर वाक्याला ‘हाइ’, म्हणजे हो, म्हटलं.

आमचं घर आहे ते निशी-कासाइ म्हणजे तोक्योतला आपल्या लोकांचा भाग, असं ऐकून आलो होतो. २००० सालाच्या संगणकी घोळाच्या वेळी आलेले इंजिनियर इथे तोझाइ या मेट्रो लाइनच्या काठानं राहिले, मग दुकानं आली, शाळा आल्या. २०१९ साली अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडूनसुद्धा आले. तूरडाळ, पोहे, गोडा मसालासुद्धा मिळतो. मला वाटलं होतं, लिफ्टमध्ये मराठी ऐकू येईल. पण आठ वाजले की सगळे ऑफिसला, आणि आमच्या इमारतीत दिवसा उरतात ती सत्तरीपुढची जपानी माणसं आणि मी. पहिल्या आठवड्यात मी घराबाहेर एकूण किती शब्द बोललो ते मोजता आलं असतं. आई फोनवर विचारायची, ‘मग दिवसभर करतोस काय?’ तिकडे दुपारचं जेवण उरकलेलं, इकडे संध्याकाळ, साडेतीन तासांचं अंतर. मी सांगायचो, कपडे वाळायची वाट बघतो. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. दिवसभर नुसता गळतो.

खरं तर मी बाराखडी गिरवत होतो, आणि दुसऱ्याच दिवशी उडालो. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आपलीच वर्णमाला! बौद्ध भिक्षूंनी संस्कृतासाठी सिद्धम लिपी अभ्यासली, त्यातून हा क्रम आला. न आणि म यांच्या मधे ह कशाला घुसला, हे मात्र कळेना. पुस्तकात सापडलं, हा ह पूर्वी प होता. प-वर्गाच्या जागी प, मग म. सगळं जिथल्या तिथं बसलं. त्या दिवशी फळा असता तर मी वर्ग घेतला असता. संध्याकाळी बायको आल्यावर तिचाच घेतला. तिनं बूट काढेपर्यंत ऐकून घेतलं.

आता बरणी. बॅगेत लोणच्याची बरणी फुटली होती. तुकडे पिशवीत घालून मी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी, आठच्या आत, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली ठेवून आलो. बाकी सगळ्यांच्या पिशव्या गेल्या. माझी स्टिकर लावून तिथेच. कैरीच्या लोणच्याचा तो वास, त्यामुळे पिशवी कोणाची याबद्दल इमारतीत दुमत नसावं. मी ती उचलायला गेलो तर खालच्या मजल्यावरचे आजोबा उभे. राहायला आलो तेव्हा शेजारी, वर आणि खाली आम्ही तासगावचे बेदाणे दिले होते, पुडीवर काताकानात नाव लिहून. आजोबा घरात गेले, वर्तमानपत्र घेऊन आले, काचा गुंडाळल्या आणि वर जाड पेनानं तीन अक्षरं काढली. मी बोट ठेवून वाचली, कि-के-न. त्यांनी मान डोलावली. धोका. शिकवणीबाहेर वाचलेला माझा पहिला जपानी शब्द हा. मग त्यांनी त्यांच्याकडचं कचऱ्याचं कॅलेंडर दाखवलं, न जळणारा कचरा महिन्यातून दोनदाच. बरणी तोवर आमच्या बाल्कनीत राहिली.

काल लिफ्टचं दार मिटता मिटता मागून हाक आली, ‘कारे-सान!’ मिरजेत म्हणतात ‘काय रं’, पण चालतंय. आजोबा बोटानं कोपऱ्यातल्या जाळीकडे दाखवत होते. ‘आशिता,’ म्हणाले. उद्या.

मी ‘हाइ’ म्हटलं. या वेळी कळून.