आकडे कोरलेत, नावं नाहीत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भुईंजच्या आसपास डाव्या हाताला चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी दिसायला लागते. महामार्ग सोडून त्या अंगाला वळलं की किकली. वाई तालुक्यातलं हे गाव भैरवनाथाच्या जुन्या देवळासाठी तर बघावंच, पण त्याहून जास्त तिथल्या वीरगळांसाठी, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांसाठी बघावं. एका गावात इतके वीरगळ सहसा सापडत नाहीत.

एका दगडापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, शेजारी गाई. म्हणजे गोधन सोडवताना हा पडला. त्याच्या वर लढाई. त्याच्याही वर अप्सरा त्याला दंडाला धरून नेताहेत, आणि शेवटच्या चौकटीत तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य. ऊनपावसाने चेहरा पार झिजलाय, पण कमरेच्या वस्त्राच्या चुण्या अजून बोटाला लागतात. लेख मात्र कुठेच नाही. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या गावाला तो लिहायची गरज वाटली नसेल. हा कोण, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

तिथून साताऱ्यावरून नागठाण्याच्या बाजूला गेलो. अपशिंगे गावाला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पारावर बसलेल्या एका माजी सुभेदारांनी हटकलं, "पाव्हणं, कुणाकडं आलाय?"

"स्मारक बघायला आलोय, काका."

"मग चला की, दावतो."

पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले असं गाव सांगतं. चपला काढून आम्ही दोघं उभे राहिलो. मी विचारलं, तुमच्या घरातलं कोणी होतं का त्यात? "हुतं की. पन नाव आज्ज्यालाच ठावं हुतं. आमी आपलं शेचाळीस म्हनत आलोय."

हे वाक्य डोक्यातून जाईना. महायुद्धानंतर सरकारने सातारा, रत्नागिरी भागातल्या गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. मजकूर जवळजवळ एकच: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. चावडीच्या, शाळेच्या भिंतीत त्या अजून दिसतात. दोन आकडे, बस्स. गावाबाहेरच्या कुणाला नावाशी काय कर्तव्य, असाच हिशोब असावा.

आणि ही मुलं गेली कुठे? त्यातली बरीच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कूत-अल-अमाराला वेढ्यात सापडली. उपासमारीने खंगून २९ एप्रिल १९१६ ला शरण आली. पुढे तुर्कांच्या कैदेत हजारो माणसं वाळवंट तुडवताना आणि छावण्यांत मेली.

त्या मोहिमेचं मोठं स्मारक बसऱ्याला आहे. ४० हजारांहून जास्त सैनिकांची तिथे नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा. म्हणजे सातारच्या एखाद्या पोराचं नाव इथल्या पाटीवरही नाही आणि जिथे त्याची माती झाली तिथेही नाही. मला याचा संताप येतो. दगड कमी पडला म्हणावं, तर फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त हिंदी सैनिक नावानिशी आहेत. आणि त्याच्याही शंभरेक वर्षं आधी कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीने पडलेल्या साध्या शिपायांची नावं कोरली होती. 'नाक' हा प्रत्यय लागलेली महार शिपायांची नावं आजही तिथे वाचता येतात. जमत होतं, केलं नाही. युद्धस्मारकांचं काम बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली.

नावं पुसली गेलेली नाहीत, एवढं बरं. कमिशनच्या संकेतस्थळावर नोंदी शोधता येतात, आणि बऱ्याच हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. इंग्रज कारकुनांनी गावांची नावं वाटेल तशी लिहिलीत, म्हणून आधी तालुक्याच्या नावाने शोधावं आणि मग यादी चाळत गावापर्यंत यावं. काकांना मी हे मोबाइलवर उघडून दाखवलं. त्यांनी नातवाला हाक मारली, "वही घिऊन ये रं," आणि आडनावं सांगायला सुरुवात केली.