गॅनिमिडचं दस्तक : लढाईच्या खेळासाठी एक विश्व रचताना

या वेळच्या नोंदीत रंगकाम कमी आणि लिखाण जास्त आहे. टेबलावर लढायच्या पंधरा मिलिमीटरच्या छोट्या पुतळ्यांच्या पलटणींवर प्राइमर (रंगाआधीचा थर) बसला, बर्फाच्या टेबलासाठी थर्माकोलचे तुकडे कापून झाले. आता विचारायचा प्रश्न एकच: हे लोक एकमेकांशी भांडतायत कशासाठी? ‘साम्राज्य विरुद्ध बंडखोर’ एवढ्यावर एक डाव निघतो. दुसऱ्या डावाला बसताना मात्र आधीच्या डावात आपण काय गमावलं हे खेळाडूला कळायला हवं, आणि त्यासाठी पार्श्वभूमी लागते.

जागा ठरलेली आहे: गुरूचे चार मोठे चंद्र, आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो. राजे, घराणी, युद्धांची नावं यांतलं काहीही सुचण्याआधी मी त्या चंद्रांचे आकडे वहीत उतरवले आणि निम्मी गोष्ट तिथेच मिळाली. गुरूच्या किरणोत्सर्गामुळे युरोपाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे साडेपाच सीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) मात्रा बसते. एवढी मात्रा घेतलेला माणूस सहसा वाचत नाही. गॅनिमिडवर ती ०.०८ च्या आसपास येते, आणि कॅलिस्टोवर जवळजवळ नाहीच. नासाच्या २००३ सालच्या एका अभ्यासानेही मानवी तळासाठी कॅलिस्टोच धरला होता, तो याच कारणाने.

म्हणजे माणसं युरोपावर बर्फाखाली पाळ्या करणार, पण त्यांची बाळंतपणं, शाळा, म्हातारपणं कॅलिस्टोवर होणार. ज्याच्या हातात कॅलिस्टो, त्याच्या हातात सगळ्यांची मुलंबाळं. हे वाक्य लिहिलं आणि एक अख्खी राजवट उभी राहिली. ती कुणावर बॉम्ब टाकत नाही. ती फक्त ‘तुमच्या बायकोला या महिन्यात यायला परवानगी नाही’ एवढंच कळवते.

आमच्या नियमांत बंदुकीचा टप्पा टेबलावर फक्त बारा इंचांचा आहे, त्याचंही उत्तर इथेच मिळतं. उघड्यावर कुणी थांबतच नाही. लढाया बोगद्यांत, हवाबंद दारांशी, वाकड्या वळणांवर होतात.

गॅनिमिडने सगळ्यात जास्त दिलं. स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला हा एकच चंद्र आपल्याला माहीत आहे. गॅलिलिओ यानाने १९९६ मध्ये ते शोधलं. त्या क्षेत्रामुळे विषुववृत्ताच्या पट्ट्यात कण कमी पोचतात आणि ध्रुवांवर जास्त आदळतात. म्हणून माझ्या विश्वात वस्ती, गोद्या, चौक्या सगळं मधल्या पट्ट्यात आहे, आणि ध्रुवांवरून चोरटा माल जातो. ध्रुवावरचा डाव खेळताना प्रत्येक फेरीला प्रत्येक तुकडीने एक फासा टाकायचा: उघड्यावर किती वेळ काढला त्याची किंमत.

राजकारणाचा साचा मात्र मी घरचा घेतला. कोकणच्या किनाऱ्याइतकं गुंतागुंतीचं आणि खेळायला योग्य राजकारण मला दुसरीकडे दिसत नाही. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा परवाना सक्तीने घ्यायला लावत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेली जहाजं अडवली. जंजिऱ्याला सिद्दी, मुंबईला इंग्रज. समुद्र आपला असं प्रत्येकाचं म्हणणं, आणि तो सगळा राखण्याइतकं बळ कुणाकडेच नाही. त्यामुळे भांडण जमिनीपेक्षा कागदावरून पेटतं: कुणाचा परवाना खरा मानायचा?

आणि खंदेरी! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईजवळच्या या बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली. मराठ्यांच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून रात्री रसद पोचवत राहिल्या आणि बांधकाम थांबलं नाही. मग सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या. समोरासमोर दोन बेटं, दोन वैरी, आणि मधली रसदीची वाट. लढाईच्या खेळासाठी याहून चांगला आराखडा मला कुणी दाखवावा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळली आहे. भगवे झेंडे आणि पगड्या अंतराळात नेलेल्या नाहीत. घेतली ती फक्त रचना: अनेक सत्ता, अपुरं बळ, परवान्यांचा वाद, लहान होड्यांची चपळाई. वेशभूषेची उसनवारी केली की लोक पात्रं ओळखतात आणि कथेचा शेवटही आधीच ओळखतात. रचना घेतली तर शेवट मोकळा राहतो. शब्द मात्र ठेवले, कारण तांडेल (खलाशांचा म्होरक्या), सारंग (जहाज चालवणारा), मचवा (छोटं गलबत) हे शब्द तोंडात बसतात आणि त्या माणसांना लगेच एक धंदा मिळतो.

कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद होतो. गुरूपाशी तसं काय असेल यावर बराच विचार केला, आणि उत्तर सूर्यानेच दिलं. साधारण ३९९ दिवसांनी पृथ्वीवरून पाहताना गुरू सूर्यामागे जातो, आणि त्या युतीच्या काही दिवसांत रेडिओ संपर्क बिघडतो. एरवीही संदेशाला एका बाजूने ३३ ते ५३ मिनिटं लागतातच. युतीत तर पृथ्वीचा हुकूमच येत नाही. स्थानिक सुभेदार आपल्या जबाबदारीवर निर्णय घेतात, जुने हिशेब चुकते करतात, आणि संपर्क सुरू झाल्यावर झालेलं पृथ्वीला कळवतात. आमच्या मोहिमा म्हणजे या युत्या. कालगणनाही त्यांचीच: ‘चौदाव्या युतीत युरोपावरच्या कोनामाराचा बोगदा पडला’ असं तिथले लोक बोलतात.

मोहिमेची एक फेरी म्हणजे गॅनिमिडची एक प्रदक्षिणा, सव्वासात दिवसांना थोडी कमी. तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि आयोच्या चार. या ठेक्यामुळे हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला, एका रेषेत कधीच येत नाहीत. तिघांची फौज एकदम जमणं म्हणूनच अशक्य आहे, आणि प्रत्येक तह दोघांचाच असतो, तिसऱ्याच्या पाठीमागे केलेला. कुमक कुठून किती फेऱ्यांनी येईल याचा तक्ता मी यावरूनच केला आहे.

लिखाणाची पद्धतही बदलली आहे. इतिहास सांगणारी पानं लिहायची नाहीत, त्या विश्वातले कागद लिहायचे. नमुना:

‘दस्तक दिधले असे. मचवा एक, माणूस सहा, गरोदर बाई एक, गॅनिमिडाहून कॅलिस्टोस जातसे. मार्गी कोणी मुजाहीम न होणे. मुदत पुढील युतीपावेतो.’

(‘मुजाहीम न होणे’ म्हणजे अडवू नये.) एवढ्या चार ओळींचा एक डाव तयार झाला. मचवा चौकीवर पोचतो तेव्हा युती सुरू झाली आहे. मुदत संपली की नाही? चौकीच्या खेळाडूला नेमका हुकूम बंद पाकिटातून मिळतो, मचव्याच्या खेळाडूला तो माहीत नसतो. ज्या मजकुराने टेबलावर काही हलत नाही, तो वहीतच ठेवायचा असं मी ठरवलं आहे.

रंगांचंही यातूनच सुटलं. कॅलिस्टोचे शिपाई गडद तपकिरी-राखाडी, तिथल्या काळपट जमिनीसारखे. युरोपाचे पांढरे, चिलखतावर तांबूस रेघा, त्या चंद्राच्या भेगांसारख्या. रेघांसाठी सर्वात बारीक ब्रश आणि पातळ केलेला रंग. जाड रंगाने त्या जखमांसारख्या दिसतात.

आयो अजून मोकळा आहे. चारशेहून जास्त जागृत ज्वालामुखी आणि दिवसाला छत्तीस सीव्हर्ट, तिथे माणूस राहणार नाही. तिथे एक निर्मनुष्य प्रक्षेपण केंद्र असावं आणि युतीच्या दिवसांत तिन्ही सत्तांनी त्यावर हक्क सांगावा, असं सध्या डोक्यात आहे. यंत्रांच्या फौजेचे नियम कुणी साधे करून वापरले असतील तर जरूर सांगा. तोवर खंदेरी-उंदेरीचा डाव गॅनिमिडच्या बर्फावर मांडतोय: दोन टेकड्या, मधे भेगाळलेला पट्टा, आणि दर तिसऱ्या फेरीला अंधार. रसद पोचवणाऱ्याला पहिली चाल.