‘कायार्लय’, ‘सि्थती’ आणि जुन्या फाँटचं कुलूप

जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ‘कृतीदेव ०१०’ या जुन्या फाँटमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये साठतात ती पाच इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. त्या जागी म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांची चित्रं दाखवायचं काम फाँट करतो. फाँट काढला की मराठी गेली. कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं चित्र याचा तक्ता दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये निराळा, म्हणून नुसता फाँट बदलूनही भागत नाही.

माझ्या मते मराठी प्रकाशनाला या तक्त्यांनी जेवढं जखडून ठेवलं, तेवढं सॉफ्टवेअरच्या किमतीने कधीच नाही. वीस वर्षांचे अंक एका कंपनीच्या तक्त्यात अडकले असतील, तर दुसरा कोणी चांगलं आणि स्वस्त पॅकेज घेऊन आला तरी प्रकाशक हलू शकत नाही. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या युनिकोडचा तक्ता मात्र जाहीर आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात १२८ जागा आहेत. तरी जुने फाँट टिकले, कारण छपाईची कामं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर चालत आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं.

मजकूर कन्व्हर्टरने, म्हणजे अक्षरं बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने, युनिकोडमध्ये आणायचा तर आधी फाँटचं नेमकं नाव बघा. नुसतं ‘कृतीदेव’ पुरत नाही, क्रमांकही हवा. पीडीएफ असेल तर प्रॉपर्टीजमधल्या फाँट्स टॅबवर नाव सापडतं. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. मजकुरात खरे इंग्रजी शब्द असतील तर सरसकट रूपांतरात त्यांचीही विचित्र देवनागरी होते, त्यामुळे जुन्या फाँटमधला भाग तेवढाच निवडायचा. लिबरऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजच्या फाइंड अँड रिप्लेसमध्ये फाँटवरून शोधायची सोय आहे.

खरी गडबड क्रमाची. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. कन्व्हर्टरने वेलांटी फक्त पुढच्या एका अक्षरापलीकडे नेली तर ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं. तिला अख्खं जोडाक्षर ओलांडायला हवं. रफाराचं उलट: तो टाइप होतो शेवटी आणि न्यायचा असतो मागे, अनुस्वार, काना-मात्रा आणि पूर्ण जोडाक्षर ओलांडून. तो जागेवरच राहिला की ‘मूर्ती’ची ‘मूतीर्’ आणि ‘कार्यालया’चं ‘कायार्लय’ होतं.

वेलांटीची चूक पकडणं सोपं आहे. फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोधायची सोय) चालू करून [ािीुूेैोौ]् शोधा. काना-वेलांटीनंतर हलन्त मराठीत येतच नाही, तेव्हा जे सापडेल ते चूकच. रफाराला असा हुकमी नमुना नाही, कारण ‘ार्’ हे ‘कार्य’मध्येही असतं. तिथे मराठी शब्दकोश चढवून तपासा आणि मग डोळ्यांनी वाचा. हा वेळ वाचवू नका.

मराठीची आणखी दोन खास ठिकाणं आहेत. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठतं: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक घालून. ‘ॲ’ला २००८ पासून स्वतंत्र जागा आहे, पण अ वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ही सर्रास आढळतो. दिसायला जवळपास सारखंच, पण शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही. पूर्ण संग्रहात एकच रूप ठेवा.

साठवताना ओडीटी हा फाइलचा प्रकार निवडा. हा ओडीएफ या खुल्या मानकाचा भाग असून ओडीएफला २००६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. ओडीटी म्हणजे मुळात झिप. ती उलगडून आतली कंटेंट डॉट एक्सएमएल ही फाइल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडा, मराठी मजकूर समोर वाचता येतो. फाँट मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने खुल्या परवान्याखाली दिलेले आहेत.

आणि मूळ फाइली, त्यांचा फाँट आणि कन्व्हर्टरचा तक्ता एकत्र जपून ठेवा. रफाराची चूक सहा महिन्यांनी लक्षात आली तर दुरुस्त तक्त्याने सगळं पुन्हा चालवता येईल, हाताने पानापानावर शोधत बसावं लागणार नाही.