मुशीचं कातडं आणि बिस्किटांच्या डब्यातला पतंग

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुशी, म्हणजे छोटा शार्क, अजून असते, पण चिरायला नाही. विच्छेदनं बंद झाली तेव्हापासून तिचं कातडं तेवढं उरलंय. रत्नागिरीच्या मासळी बाजारातून तुकडा आणायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळायचा, कातडं विरघळलं की तळाशी बसलेले खवले धुऊन स्लाइडवर घ्यायचे. खरं सांगायचं तर मला याचा कंटाळा आला होता.

त्या दिवशी देवरुखकडची एक मुलगी बिस्किटांच्या डब्यात मेलेला ॲटलास पतंग घेऊन आली. चांगला वीतभर रुंद. "मॅडम, रात्री दिव्याखाली पडला होता." बोटांना लागलेली तपकिरी पूड ओढणीला पुसत तिने विचारलं, "हेपण खवलेच ना? हे नाही उकळायचे?"

उकळायची गरजच नव्हती. काच पंखावर नुसती टेकवली, शेकडो खवले चिकटून आले. दोन सूक्ष्मदर्शक शेजारी मांडले आणि पोरं आळीपाळीने डोकावू लागली.

मुशीचा खवला म्हणजे दातच. आत गराची पोकळी, भोवती डेंटीन, वर इनॅमलसारखा कठीण थर, टोक शेपटीकडे वळलेलं. म्हणून कातड्यावर डोक्याकडून हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपर. पतंगाचा खवला म्हणजे चपटा झालेला केस, कायटिनचा, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं असतं त्याचाच, आणि आतून पोकळ.

"मग मुशीचाच भारी," मागून एकजण म्हणाला. "याचा तर हात लावला की गळतो."

पण गळणं हेच त्याचं काम! कोळ्याच्या जाळ्याला खवले चिकटून राहतात आणि पतंग निसटतो. शिवाय काही पतंगांचे खवले वटवाघळाचा आवाज शोषून घेतात, त्यामुळे प्रतिध्वनी क्षीण होतो. मुशीच्या खवल्यांना पाण्याशी झुंजायचं असतं, यांना शिकाऱ्याशी.

"गळलेले परत येतात?" मुलीचा प्रश्न. मुशीचे येतात: एकेक खवला वाढत नाही, जुने पडतात, नवे उगवतात. पतंगाचा प्रत्येक खवला कोषातच एका पेशीतून घडतो आणि ती पेशी मरून जाते. ॲटलासला तर प्रौढपणी खाताही येत नाही, सुरवंटपणी साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे काढायचे. नवे खवले उगवायला वेळ कुठे आहे त्याच्याकडे?

अभ्यासक्रमात पतंग नाही. तरी जर्नलमध्ये दोन्ही आकृत्या काढायला लावल्या आणि सही ठोकली. एक्स्टर्नलनी विचारलंच, तर ती मुलगी उत्तर द्यायला समर्थ आहे.