चपला घालून झोपणारा मुलगा

बीड जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात मी समुपदेशक असताना, आईवडील ऊसतोडीला गेलेल्या दहा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आजी आली. ‘उद्धट, मारकुटा, मुलांना चावतो’ एवढेच शाळेच्या चिठ्ठीत होते आणि ती वाचून माझेही मत जवळजवळ बनले होते, हे कबूल केले पाहिजे.

मुलगा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला. पंखा लावण्यासाठी मी हात वर केला मात्र, त्याने दोन्ही हातांनी डोके झाकले. झोपेविषयी विचारल्यावर आजी म्हणाली, “चपला घालून झोपतंय ताई, काढू देईना. अन् दिवाळीपासून अंथरूण ओलं करतंय.”

म्हणजे पळून जायची तयारी ठेवूनच तो झोपत होता. घरातच अत्याचार सोसणाऱ्या मुलाचे शरीर धोका नसतानाही सावध राहते, आणि मागून कोणी सहज खांद्यावर हात ठेवला तरी चावून सुटका करून घेणे हा त्याच्या लेखी बचावच असतो. आपण मात्र मुलग्याचा राग पाहून शिस्तीच्या गोष्टी बोलतो, त्यामागची भीती शोधत नाही.

आजीला बाहेर बसवल्यावर बराच वेळ तो गप्प होता. मग त्याने विचारले, “तुमच्या दाराला कडी आतून हाय का बाहेरून?” त्यानंतर त्याने घरातल्याच एका मोठ्या माणसाविषयी जे सांगितले, ते मी खोदून विचारले नाही, कारण तेच पुन:पुन्हा वदवून घेणे ही मुलाला नवी इजाच असते.

आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “पोरगं हाय ते, पोरीगत त्याचं काय जाणार हाय? मायबाप काम टाकून आले तर उचल कशी फिटायची?” दुसऱ्या, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली रक्कम फेडण्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पहिल्याला होते. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या बालकांमध्ये निम्म्याहून किंचित अधिक मुलगेच होते. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि त्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे मला बंधनकारक होते.

दुपारी जबाब घेण्यासाठी महिला पोलीस अधिकारी कायद्याप्रमाणे साध्या कपड्यांत आल्या. मुलाने त्यांच्या हातांकडे पाहून विचारले, “काठी कुठंय?” त्यांनी दोन्ही तळहात उघडून दाखवले.

संध्याकाळी मी शाळेला उलट चिठ्ठी लिहिली. कारण लिहिले नाही. दाराजवळच्या बाकावर बसवावे, मागून स्पर्श करू नये आणि लघवीला जायचे म्हणाला तर अडवू नये, एवढेच कळवले.