जपानमधले कातडीचे डॉक्टर: खिसा कुठे कापला जातो

जपानमधले कातडीचे डॉक्टर स्वस्त आहेत, फक्त दार चुकू नका. पाटीवर नुसतं 'हिफुका' (त्वचारोग विभाग) असेल तर सरकारी विम्यावर बिलाच्या तीस टक्केच रक्कम भरायची. 2024च्या जूनपासून पहिल्या तपासणीचे 291 गुण, एका गुणाचे दहा येन. म्हणजे आपल्या खिशातून साधारण 870 येन, वर चाचणी आणि औषधाच्या चिठ्ठीचे थोडे. 'बियो हिफुका' मात्र सौंदर्याचं दुकान. तिथे विमा चालत नाही, दवाखाना सांगेल तो दर.

खरी गोची दोन्ही पाट्या एकाच दारावर असतात तिथे. मुरुमांवर लावायची अडापालिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही औषधं विम्यात बसतात. पण फॉर्मवर डाग, खड्डे अशा रकान्यांत खूण केलीत की लेझरचं दरपत्रक पुढे सरकतं, तेही इतक्या अदबीने की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. काउंटरवरच विचारा, 'होकेन देसु का?' (विम्यात आहे का?) उत्तरात 'जिही' आलं तर सगळा खर्च तुमचा. आकडा लिहून घेतल्याशिवाय आत जाऊ नका. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या गोळीला जपानमध्ये मान्यताच नाही, त्यामुळे कुठे मिळालं तरी पूर्ण पैसे मोजावे लागतात.

मोठं हॉस्पिटल म्हणजे बरं, हा आपल्याकडचा हिशोब इथे महागात पडतो. आधी छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरची शिफारसचिठ्ठी न घेता ठरावीक मोठ्या रुग्णालयांत गेलात तर पहिल्या खेपेला किमान 7,000 येन वेगळे. नायट्यासाठी तिथे जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

नायट्यावरून आठवलं: भारतातून आणलेलं मलम चोळून जाऊ नका. डॉक्टर खपली खरवडून काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचं औषध लावलेलं असेल तर बुरशी असूनही दिसेलच असं नाही. स्टेरॉइड मिसळलेलं मलम त्याहून वाईट, चट्ट्याची कडच पुसट होते. लावून झालंच असेल तर ट्यूब सोबत न्या आणि मागे छापलेले घटक दाखवा. भारतीय ब्रँडच्या नावावरून तिथे कुणालाही काही कळत नाही.

बाकी साधं आहे. विमा जोडलेलं माय नंबर कार्ड (जपानचं सरकारी ओळखपत्र) आणि रोकड न्या. दुपारी बरेच दवाखाने दोन-तीन तास बंद असतात, आणि नोंदणी वेळेआधीच थांबते. औषध बहुतेक वेळा शेजारच्या फार्मसीत मिळतं. औषधाची चिठ्ठी दिल्याच्या दिवसासकट चारच दिवस चालते, रविवारही त्यात मोजतात.

सगळ्यात जास्त फसगत ट्यूबमध्ये आहे. बोटाच्या टोकाच्या पेराएवढं मलम म्हणजे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरे, हा हिशोब 25 ग्रॅमच्या मोठ्या तोंडाच्या ट्यूबचा. जपानी 5 ग्रॅमच्या ट्यूबचं तोंड बारीक असतं, पेरभर काढलं तर जेमतेम 0.2 ते 0.3 ग्रॅम निघतं. तेवढंच लावून पुरळ जात नाही म्हणून दवाखाना बदलणारे बरेच. मलम दुप्पट काढा, आणि जागा मोठी असेल तर पहिल्याच खेपेला जास्त ट्यूब मागून घ्या.