तुम्ही विचारलेत म्हणून : विजेतेपद मिळाले, तरी ती हार का सलते?

ओहायोतल्या कोलंबस शहरात आमच्याकडे जेवायला येणारे निम्मे लोक मला एकच प्रश्न विचारतात : ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ २०२४ च्या हंगामात कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेता ठरला, मग मिशिगन विद्यापीठाकडून झालेली एक हार तुम्ही अजून का उगाळत बसता? विषय बदलून वेळ मारून नेण्याचा मला आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

हिशेब मलाही येतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, टेनेसी, ओरेगन आणि टेक्सास यांना हरवून आमच्या मुलांनी २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात नोटर डेमवर ३४-२३ अशी मात केली, आणि १४ विजय व २ पराभव अशा नोंदीने हंगाम संपला. त्यातला एकही विजय मी कमी लेखत नाही. ऑक्टोबरमध्ये ओरेगनने त्यांच्या मैदानावर आम्हाला ३२-३१ असे हरवले होते, तेही मला सलत नाही, कारण तुल्यबळ संघाकडून एका गुणाने हरण्यात कमीपणा नसतो.

३० नोव्हेंबरची गोष्ट वेगळी आहे. मिशिगन सहा विजय आणि पाच पराभव घेऊन आले होते, आम्ही क्रमवारीत दुसरे होतो, आणि वीसेक गुणांनी जिंकू असे जाणकारांचेही म्हणणे होते. मी मुलीला घेऊन आमच्याच स्टेडियमच्या सी डेकवर, अगदी वरच्या रांगेत बसलो होतो. मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती आणि त्यानंतर आम्ही एकही गुण मिळवला नाही. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका यांच्यासारखे झेल घेणारे खेळाडू हाताशी असताना आमचा संघ पुन्हा पुन्हा मधोमध, मिशिगनच्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या दोन धिप्पाड बचावपटूंच्या अंगावरच, चेंडू घेऊन का धावत राहिला, हे मला आजही उमगलेले नाही. (आमचा सेंटर, म्हणजे मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा खेळाडू, दुखापतीने बाहेर होता हे मला माहीत आहे; पण मग तर तिथे मुळीच धावू नये.) आमचा किकर जेडन फील्डिंग याच्या ३८ आणि ३४ यार्डांवरच्या दोन किक हुकल्या; खांबांमधून गेल्या असत्या तर प्रत्येकीचे तीन गुण होते. दुसरी हुकली तेव्हा मी उभा राहून मराठीत ओरडलो, "याला घरी पाठवा, याच्याने काही होणार नाही." आजूबाजूच्या लाखभर लोकांत ते फक्त माझ्या मुलीला कळले. तिने माझ्याकडे पाहिले, हातमोजा पुन्हा चढवला आणि मान मैदानाकडे वळवली.

मग थर्ड डाउनवर, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्यावर, मिशिगनचा केलेल मलिंग्ज २७ यार्ड धावत गेला आणि ४५ सेकंद उरलेले असताना त्यांच्या किकरने २१ यार्डांवरून तीन गुण घेतले. १३-१०. आमच्या मैदानाच्या मधोमध त्यांनी आपला झेंडा रोवायला घेतला, आमच्या जॅक सॉयरने तो काठीवरून ओरबाडून काढला, आणि पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. मिशिगनकडून सलग चौथी हार होती ती.

त्या रात्री प्रशिक्षक रायन डे यांना हाकला, असे मी दहा जणांना लिहिले. जानेवारीत त्याच दहा जणांना मी लिहिले की, ती हार झाली म्हणूनच संघ जागा झाला, चेंडू पुन्हा स्मिथकडे जाऊ लागला आणि विजेतेपद आले. पहिले पत्र रागाने लिहिले होते, दुसरे सोयीने. आज मला दोन्ही पटत नाहीत, पण तिसरे मत माझ्याजवळ नाही. अटलांटात २६ सेकंद उरलेले असताना त्याच फील्डिंगने ३३ यार्डांची किक खांबांमधून पार केली, तेव्हा मी टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघरात उभा होतो. "बाबा, गेली," असे मुलीने आतून सांगितले. त्या मुलाविषयी मी जे ओरडलो होतो, त्याबद्दल आम्ही दोघे अजून एकमेकांशी बोललेलो नाही.

तुम्ही म्हणता, राष्ट्रीय विजेतेपदापुढे एक सामना तो काय? इथे १९३४ पासून मिशिगनला हरवणाऱ्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी पँट मिळते, पदकासारखी. सॉयर इथूनच जवळच्या पिकरिंग्टनचा. तो, एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन, जे. टी. टुइमोलोआऊ हे सगळे २०२१ साली आले, आणि मिशिगनपुढे चारही वर्षे हरले. टेक्सास बरोबरीच्या उंबरठ्यावर असताना चेंडू हिसकावून ८३ यार्ड धावणाऱ्या सॉयरला विजेतेपदाची अंगठी मिळाली. पँट मिळाली नाही. मला सलते ते हे. अंगठीने त्याची भरपाई होते असे तुम्हाला वाटत असेल तर वाटो. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही हे याहून नीट सांगताही येत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही मिशिगनच्या मैदानावर, ॲन आर्बरला जाऊन २७-९ असे जिंकलो. मुलगी नाचली, मीही नाचलो. सॉयर तोवर पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघात गेला होता.